१२ डिस्क भरायच्या आहेत: डीडी की एफआयओ?

सर्व्हरमध्ये नव्या १२ एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) बसल्या आहेत, परफॉर्मन्स टेस्ट घ्यायची आहे आणि त्याआधी प्रत्येक डिस्क काठोकाठ भरून घ्यायची आहे. हे डीडीने (लिनक्समध्ये असतेच ती डेटा कॉपी करायची कमांड) करावं की एफआयओने (डिस्कवर भार टाकून चाचणी घ्यायचं टूल), असं ऑफिसात मला अधूनमधून विचारलं जातं. मी दोन्ही वापरलं आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

भरायची कशाला, ते थोडक्यात. नुकत्याच फॉरमॅट केलेल्या एसएसडीत जिथे काहीच लिहिलेलं नसतं, तिथलं वाचायला गेलं की बहुतेक कंट्रोलर (डिस्कचा कारभार बघणारी चिप) फ्लॅशपर्यंत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या चिपपर्यंत, जातच नाही. आपल्या तक्त्यात बघतो, जागा रिकामी दिसली की शून्यं हातात ठेवतो. आकडा देखणा येतो, पण तो फ्लॅशचा नसतो. लिहिण्याचंही तेच, मोकळ्या डिस्कला जुनी आवराआवर करावी लागत नाही. म्हणून एसएनआयए या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेच्या एसएसडी चाचणीच्या मानकात आधी क्षमतेच्या दुप्पट डेटा १२८ केआयबीच्या (किबीबाइट) ठोकळ्यांनी सलग लिहून घ्यायला सांगितलं आहे.

डीडीची जमेची बाजू मोठी आहे: तो असतोच. बाहेरच्या नेटवर्कला न जोडलेल्या सर्व्हरवर एखादं पॅकेज चढवायला परवानग्या काढण्यात दिवस जातो, तिथे डीडी धावून येतो. एक फॉर लूप, प्रत्येक कमांड बॅकग्राउंडला, झालं. शून्यं लिहू नका एवढं मात्र सांगेन, कारण काही कंट्रोलर डेटा दाबून छोटा (कॉम्प्रेस) करतात आणि मग भरलेली डिस्क भरलेली राहत नाही. यूरँडममधून (लिनक्सचा रँडम डेटाचा स्रोत) लिहायला गेलात तर डिस्कच्या आधी प्रोसेसर दमतो. मी एकच मोठी रँडम फाइल मेमरीत करून ती पुन्हा पुन्हा ओतायचो. चालत होतं.

मग एका टेस्टमध्ये सातव्या डिस्कचा रँडम रीड (विखुरलेल्या जागांवरून वाचण्याचा वेग) बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट आला. मॉडेल तेच, फर्मवेअर तेच. आधी वाटलं, बाकीच्या ११ मध्येच काहीतरी खोट आहे, आणि त्या तपासण्यात माझा अख्खा दिवस गेला. सातवी भरलीच नव्हती, हे संध्याकाळी टर्मिनलचा जुना मजकूर वर सरकवून ओळ न् ओळ वाचली तेव्हा कळलं.

डीडीला किती लिहायचं ते सांगितलं नाही तर तो डिस्क संपेपर्यंत लिहितो, शेवटी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतो आणि एरर कोड १ देऊन थांबतो. म्हणजे काम फत्ते झालं तरी निकाल ‘चुकलं’ असाच. माझ्या ११ डिस्कनी ती ओळ दिली होती. सातवीने ‘इनपुट/आउटपुट एरर’ म्हटलं होतं, तोही कोड १. खाली किती बाइट लिहिले त्याची ओळ येते, पण तिच्यात डिस्कचं नावच नसतं, आणि १२ डीडींच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या. डिस्क स्लॉटमध्ये नीट बसली नव्हती, काढून पुन्हा बसवली आणि सुरळीत झाली. ब्लॉकडेव्ह या कमांडने डिस्कचा आकार काढून डीडीला नेमका आकडा देता येतो, प्रत्येकाचा लॉग वेगळा ठेवता येतो, हे मान्य. पण मग ती स्क्रिप्ट आपणच सांभाळायची.

त्यानंतर मी एफआयओकडे वळलो. जेन्स अ‍ॅक्सबो यांचं हे टूल, लिनक्सचा ब्लॉक लेयरही (डिस्कशी व्यवहार करणारा भाग) तेच सांभाळतात. जॉब फाइलमध्ये (काय चालवायचं त्याच्या सूचनांची फाइल) प्रत्येक डिस्कला तिच्या नावाचा स्वतंत्र विभाग द्यायचा आणि ग्रुप रिपोर्टिंग, म्हणजे सगळ्यांचा एकत्र निकाल, बंद ठेवायचं. शेवटी प्रत्येक डिस्कच्या नावापुढे एररचा आकडा येतो, शून्य किंवा शून्य नाही. सगळ्या डिस्क बरोबरीने सुटतात, क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत असलेल्या विनंत्या) ३२ ठेवता येते. माझ्याकडच्या ३.८४ टीबीच्या डिस्कना दोन फेऱ्यांना दोन तासांहून थोडं अधिक लागलं. तुमच्या मशीनवर वेगळं लागू शकेल. माउंट केलेल्या डिस्कवर लिहायला तो मुळात नकार देतो, हे मला फार मोलाचं वाटतं. डीडी असलं काही विचारत नाही.

एफआयओचेही काच आहेत. टेस्टची जॉब फाइल उचलून भरण्यासाठी वापरली आणि तीत रनटाइम (किती वेळ चालवायचं ती मर्यादा) राहून गेला, तर वेळ संपताच भरणं अर्धवट थांबतं आणि एरर तरीही शून्यच दिसते. म्हणून किती लिहिलं गेलं तो आकडाही बघाच. दुसरं, फाइलनावातला कोलन तो दोन नावांमधली खूण समजतो, त्यामुळे बाय-पाथचे (डिस्क कुठल्या स्लॉटला जोडली आहे त्यावरून लिनक्सने दिलेले) पत्ते दिलेत तर प्रत्येक कोलनआधी बॅकस्लॅश लावावा लागतो. मी बाय-आयडी, म्हणजे डिस्कच्या ओळखीवरून दिलेली नावं, वापरतो. त्यात सिरियल नंबर असतो, डिस्कच्या पाटीशी ताडून बघता येतो, आणि रिबूटनंतर लिनक्सने डिस्कना दिलेले नंबर इकडचे तिकडे झाले तरी फरक पडत नाही.

शिवाय त्याच मानकाप्रमाणे भरून झाल्यावर थांबता येत नाही. सलग पाच फेऱ्यांचे आकडे सरासरीच्या २० टक्क्यांच्या पट्ट्यात येईपर्यंत आणि त्यांचा उतार १० टक्क्यांत बसेपर्यंत रँडम राइट चालवावे लागतात. तिथे डीडी संपतो, एफआयओ तसाच पुढे चालतो.

फिरत्या हार्ड डिस्क असतील तर एवढा खटाटोप लागत नाही. जुन्या पार्टिशनच्या खुणा वाइपएफएस या कमांडने पुसल्या की पुरतं. नुसती सुरुवात डीडीने पुसाल तर जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी तशीच राहते. दोनच एसएसडी असतील, समोर बसून बघणार असाल, तर डीडीला माझी ना नाही. पण १२ डिस्क रात्रभर लावून घरी जायचं असेल तर मी जॉब फाइल लिहितो. तिचे विभाग लूपने पाच मिनिटांत तयार होतात, आणि सकाळी आल्या आल्या एररच्या १२ ओळी आणि लिहिलेल्या डेटाचे १२ आकडे बघतो.