वकिलांसाठीचे रेकॉर्डेड कोर्स: तास भरतात, हात बसत नाही

सनदेनंतरच्या प्रशिक्षणासाठी रेकॉर्डेड व्याख्यानं सोयीची आहेत. कायद्यातली एखादी नवी दुरुस्ती समजायला तासाभराचं सत्र पुरतं. मसुदालेखन आणि उलटतपासणी मात्र नुसती बघून येत नाही. तिथे आपण लिहिलेला मसुदा तपासून, शेरे मारून परत देणारा कोर्सच घ्यावा. पैसे भरण्याआधी रेकॉर्डिंगची तारीख बघा, नाहीतर दुरुस्तीपूर्वीचं व्याख्यान गळ्यात पडतं. प्रमाणपत्रावर विषय, तारीख, तास हवेतच. इंग्लंड-वेल्समधल्या सॉलिसिटरांवरची वर्षाला १६ तास प्रशिक्षणाची सक्ती २०१६ मध्ये संपली; आता तिथे काय शिकलो आणि कामात कुठे वापरलं, याची नोंद लागते. व्हिडिओ चालू ठेवून मेल बघणाऱ्यांची (असतातच!) अशी नोंद लिहिताना पंचाईत होते.