स्टाफ तिकीट की कन्फर्म तिकीट?

मुलगा-मुलगी एअरलाइनमध्ये लागली की आईवडिलांना स्टाफ तिकीट, म्हणजे स्टँडबाय तिकीट, मिळतं. बहुतेकदा कर आणि किरकोळ शुल्क तेवढं भरायचं. पण सीट मिळणार ती पैसे भरलेले प्रवासी बसल्यावर उरली तरच. तोवर बॅग पायाशी ठेवून, नावाची हाक कधी येते याकडे कान लावून काउंटरजवळ थांबायचं. बऱ्याच कंपन्यांत यादीतही नोकरीतली ज्येष्ठता आधी बघतात.

भर पावसात, आठवड्याच्या मधल्या वारी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला जाताना हे खुशाल करावं. नाहीच जमलं तर थिवीहून कोकण रेल्वे आहे. चवथीला आणि नाताळात मात्र कन्फर्मच काढा, महाग पडलं तरी. गुडघे धरलेल्या आईला ताटकळत ठेवून वाचवलेले पैसे मला पटत नाहीत. मुंबईहून पुढचं परदेशी विमान पकडायचं असेल, तर स्टँडबायचा विचारच नको.