मोजे विकण्याआधी टेप काढणारं मिरजेतलं सर्जिकल दुकान

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. गाडीवरून पडून डावा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यात पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला. पोटात हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं घेऊन वाचलो. आता रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. हंगामात ऊसगाड्यांची रांग लागली की खुर्ची सुटत नाही, संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा होतो. म्हणून डॉक्टरांनी क्लास २ चे, गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे लिहून दिले.

आधी एका दुकानात गेलो. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि 'एक्सएल' म्हणून पांढरा जोड पुढं केला. तो घेतला नाही. पांढरे मोजे अंथरुणावर पडून असलेल्या पेशंटसाठी असतात, हे मला मिरजेत कळलं.

मिरजेतला दुकानदार म्हणाला, "सकाळी या. आत्ता सूज हाय, माप चुकंल." सकाळी त्यानं घोट्याच्या वरची बारीक जागा, पोटरीची जाड जागा आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची टेपनं मोजली. शुगर आहे का, चालताना पोटऱ्या भरून येतात का, तेही विचारलं. पायाच्या धमन्यांतून रक्त कमी जात असेल तर हे मोजे घातक ठरतात, त्यामुळं प्रश्न रास्तच. क्लास २ चा दाब घोट्यापाशी सर्वांत जास्त, २३ ते ३२ मिलिमीटर पारा, आणि वर कमी होत जातो. वरची पट्टी दुमडायची नाही. दुमडली तर तिथंच पाय आवळला जातो.

पण मला दुकान आवडलं ते वेगळ्याच कारणानं. मी मोजे घालायला शिकत असताना एक मावशी आल्या. "सुनेचा पाय सुजलाय, बाळंतीण हाय, मोजे द्या." यानं विचारलं, "एक का दोन्ही?" एकच होता, दोन दिवसांपासून, पोटरी दुखते आणि गरम लागते. मावशी तेल लावून चोळत होत्या. त्यानं मोजे दिलेच नाहीत. "चोळू नका. आजच्या आज दवाखान्यात न्या, शिरेतलं रक्त वाहतंय का बघायला डॉपलर सोनोग्राफी करायला लागंल. दम लागला, खोल श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातनं रक्त पडलं किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा." बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका वाढलेला असतो, तसंच ऑपरेशन, प्लास्टर, कॅन्सर, गर्भनिरोधक गोळ्या यांनीही वाढतो. गिऱ्हाईक घालवून हे सांगणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

आता वस्तूबद्दल. सूज निम्म्यानं उतरते, रात्रपाळी निभते. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचे, नाहीतर चढत नाहीत. रबरी हातमोजे घातले तर पकड येते. हा सल्ला फुकट, हातमोजे विकतच. एप्रिलमध्ये मात्र सांगलीच्या उन्हात घामोळं येतं आणि जीव नकोसा होतो. बोटं उघडी राहणारा प्रकार घ्या. धुऊन पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. सहा महिन्यांत ताण सैल पडतो, म्हणजे पुन्हा खर्च.

खोक्यावर हसऱ्या बाईचे गोरेपान पाय आहेत, धोक्याच्या खुणांबद्दल एक ओळ नाही. मोजे गुठळी विरघळवत नाहीत. गोळीसुद्धा तिला फक्त वाढू देत नाही, विरघळवायचं काम शरीर सावकाश करतं. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत तर डीव्हीटीनंतर (म्हणजे खोल शिरेतल्या गुठळीनंतर) खरे दाबाचे मोजे आणि दिसायला तसेच पण दाब न देणारे मोजे घालणाऱ्यांत पुढं होणाऱ्या कायमच्या त्रासाबाबत फरक दिसला नव्हता. माझ्या डॉक्टरांनीही हेच बजावलं: सुजेला आराम पडतो म्हणून घाला, गोळी मात्र मनानं बंद करू नका.

दुकानदारानं मावशींना जे तोंडी सांगितलं ते मराठीत लिहून काउंटरवर लावावं, असं मी सुचवलंय. १३ ऑक्टोबरला जागतिक थ्रोम्बोसिस (रक्ताची गुठळी) दिन असतो, तोवर लावतो म्हणाला.

पाचपैकी चार. एक कापला तो किमतीसाठी आणि पार्किंगसाठी. उघडलेला जोड बदलून मिळत नाही, तेव्हा दुकानातच घालून, दहा पावलं चालून बघा.