माचू पिचू की ओयांताइतांबो? पोरं घेऊन जाणार असाल तर

आर्किटेक्चरची १४ पोरं घेऊन पेरूला जाऊन आलोय, त्यामुळे इंका (स्पॅनिश येण्याआधीचं तिथलं साम्राज्य) अवशेषांची स्टडी टूर म्हटलं की माझ्याकडे बोलायला बरंच असतं, पण दिवस कमी असतील तर प्रश्न शेवटी या दोघांवरच येतो: डोंगरावरचं प्रसिद्ध इंका शहर माचू पिचू, की त्याच नदीखोऱ्यातलं ओयांताइतांबो, म्हणजे गाव आणि त्याला लागून असलेले इंका अवशेष.

माचू पिचू भारीच आहे, वादच नाही. सकाळी ढग सरकले आणि खाली उरुबांबा नदीचं वळण दिसलं तेव्हा आमची पोरं चक्क दोन मिनिटं गप्प होती.

पण अभ्यास म्हणाल तर माझं डोकं फिरलं ते एकेरी रस्त्यापायी. तिकिटावर नाव, पासपोर्ट नंबर, आत शिरायची वेळ, रूट सगळं आधीच ठरलेलं, आणि पुढे गेलात की मागे वळायचं नाही. तिथे एकाखाली एक अशी पाण्याची १६ कुंडं आहेत, एक मुलगी त्यांचं स्केच करत होती, उतार कसा दिलाय ते बघायला तिला वरचं कुंड परत बघायचं होतं, पाच-सहा पायऱ्यांचा प्रश्न, तर लगेच शिट्टी! तिने शेवटी फोटोवरून चित्र पुरं केलं, मग एवढ्या लांब कशाला आलो आपण? त्यात टॉयलेट गेटबाहेर, आणि बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत नाही. १४ जणांत कुणाला तरी लागतेच हो. गर्दी बघता नियम हवेतच, ते मान्य, पण वही घेऊन बसणाऱ्याची पंचाईत होते.

ओयांताइतांबोला पोरं पसरली ती पसरलीच. वर सूर्यमंदिराची सहा प्रचंड गुलाबी शिळांची भिंत आहे, दोन शिळांच्या मधे दगडाचीच बारीक उभी पट्टी बसवलीय, त्या एका पट्टीचं चित्र काढण्यात एकाने अख्खा तास घालवला आणि कुणी हटकलं नाही. मंदिराचं काम अर्धवट राहिलेलं, माझ्या मते शिकायला तेच बरं. खाण नदीपलीकडच्या डोंगरात, तिथून आणताना वाटेत राहिलेले दगड अजून तसेच पडलेत, लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. खाली गावात इंकांच्याच वाड्यांत माणसं आजही राहतात आणि गल्लीतल्या दगडी पाटातून पाणी खळखळत असतं. एकत्रित तिकिटात पिसाक, मोराय ही आसपासची इंका ठिकाणंही होती, विद्यार्थ्यांना सवलत मिळते.

बाकी कुस्को, म्हणजे जिथे विमान उतरतं ते शहर, ३,४०० मीटरवर, तिथे आमच्यातल्या निम्म्यांची डोकी धरली, ओयांताइतांबो २,८०० च्या आसपास, त्यामुळे विमानतळावरून थेट खाली आलेलं बरं.

पोरांनी माचू पिचूच्या नावावरच पैसे भरले असतील तर ते गाळू नका, घरी जाऊन शिव्या घालतील. पण मुक्काम ओयांताइतांबोलाच टाका, तीन रात्री तरी, माचू पिचूची ट्रेन तिथूनही सुटते, एक दिवस जाऊन या आणि दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन परत त्या भिंतीपाशी.