पॉवर बीआय: प्रकल्पांचा डेटा गाळायला स्लायसर की फिल्टर पेन?

पॉवर बीआय या रिपोर्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट बैठकीत स्क्रीनवर लावायचा असेल, तर माझं मत स्लायसरला, म्हणजे निवड करायच्या चौकटीला. तो रिपोर्टच्या पानावरच असतो. 'विभाग: पुणे, स्थिती: रखडलेले' हे सगळ्यांना दिसतं, त्यामुळे समोरचा आकडा नेमका कशाचा, यावर वाद होत नाही. साहेब म्हणाले 'फक्त यंदाचं दाखवा', की एका क्लिकचं काम. मात्र स्लायसर जागा खातो, आणि प्रत्येक स्लायसर आपली यादी भरायला डेटाकडे वेगळी क्वेरी (विचारणा) पाठवतो. एका पानावर आठ-दहा लावले की रिपोर्ट रेंगाळायला लागतो.

फिल्टर पेन म्हणजे पानाच्या बाजूची, गाळण्याच्या अटींची पट्टी. त्याची खरी ताकद त्याच्या पातळ्यांत आहे: एक व्हिज्युअल (तक्ता किंवा आलेख), एक पान किंवा सगळी पानं. 'सर्वाधिक खर्चाचे 10 प्रकल्प' ही टॉप एन अट एकाच तक्त्याला लावायची, तर ती इथेच. रद्द झालेले प्रकल्प कायमचे वगळायचे असतील, तर अट सगळ्या पानांना लावून लॉक करा. वाचणाऱ्याला ती दिसते, पण बदलता येत नाही. लपवायचीही सोय आहे, ती कृपया वापरू नका. बेरीज का जुळत नाही हे शोधण्यात अकाउंट्सवाल्यांचा दिवस जातो.

मी महिना आणि विभाग स्लायसरला देते, बाकी सगळं पेनमध्ये. निवड पुढच्या पानांवरही टिकायला हवी असेल, तर 'सिंक स्लायसर्स' चालू करा.