वराहपालनात मजुरी: घमेलं की यंत्र?

गाभण मादीला दिवसाला साधारण दोन ते अडीच किलो खाद्य लागतं. शंभर माद्या असतील तर रोज दोन-अडीच क्विंटल माल गोदामातून उचलायचा, घमेल्याने वाढायचा आणि गव्हाणी धुवायच्या. मजुरीचा मोठा भाग इथेच जातो.

डेन्मार्क-नेदरलँड्समध्ये हे काम यंत्रावर गेलं आहे. मादीच्या कानातला बिल्ला यंत्र ओळखतं, तिच्या वाट्याचं खाद्य सोडतं आणि कोणी खाल्लं नाही ते दाखवतं. 2013पासून युरोपीय संघात गाभण माद्या बहुतेक काळ कळपात ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे अशा यंत्रांची गरज आणखी वाढली. पण संगणक हाताळणारा, बिघाड ओळखणारा माणूस लागतो आणि त्याचा पगारही तसाच असतो.

आपल्याकडे मजुरी त्या मानाने बरीच कमी, वीज बेभरवशाची. म्हणून शंभर माद्यांच्या फार्मवर मी आधी पाण्याची निपल, म्हणजे जनावराने तोंडाने दाबली की पाणी सोडणारी तोटी, बसवीन. व्यालेली मादी दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पिते. तेवढ्या बादल्या वाहणं थांबलं की माणूस मोकळा होतो, खर्चही किरकोळ. त्यानंतर साधे खाद्य-हॉपर, म्हणजे खाद्य साठवून खाली थोडं थोडं सोडणाऱ्या पेट्या. कानातल्या बिल्ल्याचं यंत्र सगळ्यात शेवटी.

विण्याच्या रात्रीचा मजूर मात्र कधीच कमी करू नये. मादी कुशीवर वळते आणि पिल्लू खाली चेंगरतं. त्या क्षणी ते ओढून काढायला माणसाचाच हात लागतो.