बॅटरी बसवायची की मागणी सरकवायची?

विजेचा हिशेब उधारीवर चालत नाही. जितकी वापरली जाते तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर विजेची वारंवारता (प्रवाहाची दिशा सेकंदाला किती वेळा पालटून परत येते ते) ५० किंवा ६० हर्ट्झवरून ढळू लागते. दुपारी छतांवरची सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी मागणी वाढली की त्याच भागातलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तापतं. यावर वाटा दोन: जादा वीज बॅटरीत साठवायची, किंवा मागणी सरकवायची, म्हणजे वीज वापरायची वेळच बदलायची.

बॅटरी सेकंदाच्या आत धावून येते, कुणाला सवय बदलावी लागत नाही. पण लिथियम-आयन बॅटरीत भरलेल्या १०० युनिटपैकी साधारण ८५ ते ९०च परत मिळतात.

मागणी सरकवण्यात हा तोटा फारच कमी. पाणी तापवायची टाकीच बघा: आवरण चांगलं असेल तर दुपारी तापवलेलं पाणी रात्रीही गरम असतं, म्हणजे घरात साठा आधीच आहे! गाडीचं चार्जिंगही मध्यरात्रीनंतर ढकलता येतं. मात्र ठरावीक वेळेपुरता विजेचा स्वस्त दर सुरू होताच सगळे हीटर एकदम चालू झाले, तर भार पुन्हा उसळतो. वेळा विखरून द्याव्याच लागतात.

मी म्हणेन, आधी मागणी सरकवा, मग उरलेल्या तुटीपुरती बॅटरी घ्या. वीज कंपनी घरातली उपकरणं दुरून चालू-बंद करणार असेल, तर ग्राहकाच्या हाती नकाराचं बटण मात्र हवंच. घरात आजारी माणूस असताना त्याचं गरम पाणी कुणी दुरून बंद करू नये.